आगीच्या बंबाचं पाणी

ओल्या जाड कापडाला एक वास असतो. थोडा पोत्याचा, थोडा विहिरीत बुडून वर आलेल्या दोराचा. परवा आमच्या शाळेत अग्निशमन दलाची पोरं आली होती, आग लागली तर काय करायचं ते मुलांना दाखवायला. वार्षिक परीक्षा संपत आलेली, सकाळी दहालाच मैदान तापलेलं. त्यांनी पाइप उलगडला, पाणी सोडलं, मुलं ओरडली, आणि तो वास मैदान ओलांडून सातवीच्या खिडकीतून आत आला. मी पेपर गोळा करत होते. हातातला गठ्ठा टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, पाणी आणू का?"

नको म्हणाले आणि बसूनच पेपर मोजायला घेतले.

मी फार बोलणारी बाई नाही. स्टाफरूममध्ये म्हणतात, मंगलबाईंकडून एक वाक्य काढायला दोन कप चहा लागतो. नवऱ्यालाही वाटतं की हिचा स्वभावच असा. स्वभाव कसला! एकदा खोटं बोलून गप्प बसलं की माणसाला गप्प बसायची सवय लागते. मी नववीत असताना एक शब्द खोटा बोलले. त्या शब्दाचं ओझं ज्यांनी उचललं ते लतीफचाचा अजून आहेत, अंबडला. फार थकलेत, असं आमच्या शाळेच्या शिपायाकडून कळलं. त्याची सासुरवाडी त्यांच्याच गल्लीत. चाचांच्या कानावर घातल्याशिवाय हा उन्हाळा जाऊ द्यायचा नाही, असं त्या खुर्चीत बसल्या बसल्याच मी ठरवलं.

आमचं घर बंबखान्याच्या मागं होतं. अग्निशमन केंद्र हा शब्द पाटीवर होता, पण लोकांच्या तोंडी बंबखानाच. एक लाल बंब, पत्र्याची शेड, कर्मचाऱ्यांच्या चार-सहा खोल्या, आणि मधे ते मोठं मैदान. उन्हाळ्यात आम्ही माळवदावर झोपायचो. मातीचं ते सपाट छप्पर दिवसभराचं ऊन पहाटेपर्यंत अंगाखाली सोडत राहायचं. कुठंतरी कडुलिंब फुललेला असायचा. त्या कडूगोड झोपेत शिट्टी वाजायची, आणि मी डोळे न उघडताच ओळखायची, आता पाइप फेकतील.

पाइप जिलेबीसारखे गुंडाळलेले असायचे. एक माणूस पुढं पाय टाकून तो वळसा जमिनीवरून असा फेकायचा की सगळी जिलेबी सुटत सुटत मैदानाच्या टोकाला जाऊन पडे. सुटताना सापानं पाचोळ्यातून जावं तसा आवाज. मग पाणी आलं की तो चपटा पाइप फुगत जायचा, गाठीगाठीनं, एखादं जनावर झोपेतून उठावं तसा. पुढं पितळी तोंड धरून दोघं पाय रोवून उभे. धार उंच जाऊन फुटायची, आणि सूर्य नेमका त्याच वेळी कौलांच्या मागून वर आलेला असला तर तिच्यात इंद्रधनुष्य पडायचं. आता आठवतं तेव्हा मला ते रोजच पडत होतं असं वाटतं. रोज कसं पडेल? पण आठवणीला कोण अडवणार.

मैदानाच्या भिंतीवर मी आणि शबाना बसायचो. शबाना लतीफचाचांची मुलगी, माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा हुशार. गणितं ती तोंडी करायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघून वहीत उतरवायची. तिचे अब्बा बंबाचे ड्रायव्हर. मिशा पिळदार, पोट थोडं सुटलेलं, आणि अख्ख्या कवायतीत त्यांना एकच गोष्ट मान्य नव्हती, उडी मारणं. चौघं जण जाड चादर ताणून धरायचे आणि एकेकानं वरच्या लोखंडी मनोऱ्यावरून तिच्यात उडी टाकायची.

"लतीफभाई, या आता!" खालून आवाज.

"मी ड्रायव्हर हाय," चाचा म्हणायचे. "माझं काम आगीपर्यंत न्यायचं. आभाळातून पडायचा पगार मला देत न्हाईत."

"भ्यायले, भ्यायले!"

"अरे, चादर फाटंल तुमची. नगरपालिका दुसरी देनार हाय का?"

जखमी माणसाला खांद्यावर टाकून पळायची कवायत असायची. त्यात जखमी व्हायला सगळे तयार, उचलायला कुणी नाही. शबाना आणि मी हसून हसून भिंतीवरून पडायच्या बेतात. चाचा आमच्याकडं वळून सलाम ठोकायचे. मला ते 'लीडिंग फायरमन' म्हणायचे. "क्या लीडिंग फायरमन, आज उशिरा आलीस ड्यूटीवर?" मला तो हुद्दा खरा वाटायचा.

पण ती कवायत आमच्या गल्लीची खरी कशासाठी होती, ते सांगायला हवं. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ पंधरा-पंधरा दिवस येत नसे. आजही फार फरक नाही. बंबखान्याला स्वतःची बोअर होती, आणि कवायतीचं एवढं पाणी मातीत जाताना बघणं बायकांच्या जिवावर यायचं. मग कधीतरी, माझ्या जन्माच्या आधीच असेल, एक रीत पडली. कवायतीच्या दिवशी गल्लीतले ड्रम, टिपं, घागरी मैदानाच्या कडेला ओळीनं मांडायच्या. धार आधी उंच जायची, मग बारीक व्हायची, आणि फायरमन लांबून नेम धरून एकेक ड्रम भरायचे. नेमबाजीची कवायत! बंबखान्याचे साहेब खुर्चीत बसून पेपर वाचत असायचे आणि पेपर तोंडापुढून खाली घ्यायचे नाहीत. बायका लांबून ओरडायच्या, "अरे इकडं, ह्या लाल डब्यात! त्या शेवंताचा किती भरतोस, मामाची पोरगी हाय का तुझ्या?" फायरमन लाजायचे, नेम चुकायचा, कुणीतरी चिंब भिजायचं. भर उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रंगपंचमी.

मात्र एक नियम होता, आणि तो पाळताना मी चाचांना कधी चुकलेलं पाहिलं नाही. कवायत संपली की आधी बोअर चालू करून बंबाची टाकी काठोकाठ भरायची. मग चहा, मग घर. "बंब उपाशी, तर गाव उपाशी," ते म्हणायचे.

त्या वर्षी मात्र बोअरनंच दम टाकला, जेमतेम बंबाची टाकी भरण्यापुरतं पाणी येई. वैशाख लागला आणि साहेबांनी हुकूम काढला, ओली कवायत बंद. आता कोरडी. माझ्या सगळ्या बालपणातलं स्वप्नात पाहिल्यासारखं दृश्य ते आहे. पहाटेच्या उजेडात माणसं रिकामे चपटे पाइप घेऊन पळतायत. पितळी तोंड धरलंय. शिट्टी होते, एक जण ओरडतो, "पानी चालू!" आणि पाणी नसताना सगळे मागं रेलतात, पाय रोवतात, धारेचा जोर अंगावर घेतल्यासारखे. "डावीकडं! अजून डावीकडं!" समोर काही नाही. नुसतं ऊन चढत असलेलं मैदान. आम्हांला हसू येत होतं, पण हसलो नाही. ड्रम मांडलेली बायकांची ओळही नव्हती. आमच्या लग्नघरातसुद्धा तांब्यानं मोजून पाणी.

लग्न ताईचं होतं. पाहुणे आलेले, मांडव पडलेला, दुसऱ्या दिवशी हळद, आणि घरात धड हंडाभर पाणी नव्हतं. ताई कोपऱ्यात बसलेली. लग्नाची मुलगी रडते म्हणून सगळे कौतुकानं बघत होते, ती मला म्हणाली, "मंगे, हळद लागंल, पन धुनार कशानं गं?" आईनं मला बाजूला घेतलं. "तुझ्या त्या चाचाला विचार जाय. दोन ड्रम. जास्त न्हाई."

शुक्रवार होता. दुपारच्या उन्हात बंबखाना सुन्न पडलेला. बाकीचे जेवायला गेलेले, चाचा एकटे शेडच्या सावलीत उभे. मी विचारलं. त्यांनी मैदानाकडं पाहिलं, बंबाकडं पाहिलं, डोकं खाजवलं.

"हळद म्हनते का? मंग काय करावं आता…" बंबाच्या मागच्या नळाचं चाक त्यांनी थोडं फिरवून दाखवलं. "असं उघड, असं बंद. दोन भर, अन् घट्ट बंद कर. मी नमाज पढून येतो जल्दी. दोनच, बराबर?"

"दोनच, चाचा."

दोन ड्रम भरले. चाक बंद करायला हात घातला, तोच भिंतीवरून कुणाचं तरी डोकं वर आलं. "मंगे, पानी सोडलं का गं? मला दोन घागरी दे की." मग दुसरी आली. मग टिपं घेऊन पोरी, मग कडेवर लेकरू आणि हातात बादली घेतलेली शेवंतामावशी. "बघा बघा, आपली मंगी बंबाची मालकीन झाली!" हसत होत्या सगळ्या. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे आज स्वच्छ सांगते. मला ते आवडलं. गल्लीतल्या मोठ्या बायका माझ्यापुढं रांगेत उभ्या, आणि चाक माझ्या हातात. गार पाणी पायांवरून वाहतंय, माती लाल होतेय, मी म्हणेन तिची घागर आधी. शेवटी शेवटी धार मनगटाएवढी होती ती करंगळीएवढी झाली. ते मी पाहिलं. पाहून मग बंद केलं.

चाचा आले तेव्हा गल्ली पांगलेली होती. ओली माती वैशाखात किती वेळ ओली राहणार? टाकीची पातळी दाखवणारी काचेची नळी कधीचीच फुटलेली होती.

"दोनच भरले ना, बेटा?"

"दोनच."

त्यांनी डोक्यावर हात ठेवला, ताईला दुवा सांगितली आणि बोअर चालू करायला गेले. लाइट नव्हती. येईल थोड्या वेळात, म्हणाले.

लाइट यायच्या आधी भोंगा वाजला. कडबा बाजारात आग लागली होती. ज्वारी निघाली की मंठ्याकडून गाड्याच्या गाड्या कडबा यायचा, आणि वैशाखापर्यंत त्या मोकळ्या जागेत गंजींचं एक गावच उभं राहायचं. आमच्या माळवदावरून ते पिवळं गाव दिसायचं. बंब आमच्या मांडवापुढून गेला. पाहुण्यांची पोरं टाळ्या पिटत मागं पळाली. चाचा स्टिअरिंगवर. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

पुढचं मी ऐकलेलं आहे. पाइप फेकले, पाणी चालू म्हणाले, धार आली आणि एका गंजीचा अर्धा भाग काळा व्हायच्या आत संपली. आमच्या मैदानावर रोज सकाळी होत होतं तसंच, माणसं पितळी तोंड धरून उभी, आणि समोर या वेळी आग. गंजीला बांधलेली एक बैलजोडी होती. चाचा दावं कापायला आत घुसले. एक दावं तुटलं नाही, दुसरंही तुटलं नाही. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

संध्याकाळी आभाळातून कडब्याची काळी काडी काडी खाली येत होती. मांडवावर, पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर, ताईच्या केसांत. खूप हळू येत होती, जणू तिला खाली यायची घाईच नाही. दुसऱ्या दिवशी हळद लागली आणि त्याच पाण्यानं ती धुतली. ताईच्या अंगावरून पिवळं पाणी वाहत अंगणातून बाहेर गेलं. मी तांब्या धरून होते. ताई खूप सुंदर दिसत होती. हे दोन्ही खरं आहे, आणि एकाच दिवशी खरं आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

साहेब गल्लीत चौकशीला आले तेव्हा भरलेल्या ड्रमांवर सतरंज्या पडल्या होत्या. कुणी काही पाहिलं नव्हतं. मी आईच्या मागं उभी होते. आईला सगळं माहीत होतं. तिनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. चाचांनीच सांगितलं, म्हणे, की लग्नघराला पाणी मीच सोडलं. किती सोडलं, तर सगळं. नोकरीवरून काढलं त्यांना. खोली सोडावी लागली. चाचीचं माहेर अंबडचं, तिकडं निघाले. टेम्पोत सामानावर शबाना बसली होती, मांडीवर दप्तर. तिनं मैदानाच्या भिंतीकडं पाहून हात केला. मी भिंतीवरच होते. हात न करता पलीकडं खाली उतरले.

शबानाची शाळा तिथंच सुटली. मी शिकत गेले, मास्तरीण झाले. वर्गात एखादी मुलगी तोंडी गणित करायला लागली की मी दुसरीकडं बघते. पोरींना वाटतं, बाई कडक आहेत.

अंबडची एसटी तासाभरात पोचते. एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा त्या फाट्यावरून गेले असेन. या वेळी उतरले.

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. मिशा पांढऱ्या, पोट गेलेलं, उजव्या हाताची बोटं आत वळलेली. चाची दारात बसून कुणाच्या तरी परकराला हातशिलाई घालत होत्या. मी नाव सांगितलं. चाचांनी डोळे बारीक केले, आणि मग सगळा चेहरा उजळला. "अरे, लीडिंग फायरमन! अगं, बघ कोन आलंय, चहा ठेव!"

चाची आत गेल्या. मी बाजेच्या कडेला बसले आणि काही प्रस्तावना न करता बोलले. "चाचा, त्या दिवशी दोन न्हाई भरले. सगळ्या गल्लीनं भरलं. मी भरू दिलं, अन् तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी वळलेल्या बोटांनी बाजेची सुंभाची दोरी चाचपली.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कवा कळालं?"

"बाजाराच्या वळनावर. भरला बंब वळताना अंग टाकतो, म्हशीवानी. त्या दिवशी शेळीवानी वळला." ते थोडं हसले. "कळालं, पन मागं फिरून काय करतो? बोअर बंद. म्हनलं चला, हाय तेवढं मारू."

"मंग साहेबाला माझं नाव का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? का पोरीच्या हातात चाक देऊन मी गेल्तो? टाकी बघायचं काम माझं होतं, तुझं थोडीच होतं. जाऊ दे, बेटा. त्या बैलांचं वाईट वाटतं अजून. बाकी जाऊ दे."

रडू फुटलं मला. मोकळं वाटलं, हेही सांगते. वाटलं, झालं. संपलं.

मान वर केली तेव्हा चाची दारात होत्या. हातात ट्रे. किती वेळच्या उभ्या होत्या, कोण जाणे. त्यांनी ट्रे बाजेवर ठेवला आणि माझ्याकडं न बघता चाचांना विचारलं, "तुम्हाला म्हाईत होतं?"

चाचांनी खाली बघत मान डोलावली.

"मी समजत होते, तुम्हीच दिलदारी करून सोडलं सगळं पानी. उभी जिंदगी मी तुम्हाला बोलून राह्यले. तुमच्या दिलदारीनं पोरीची शाळा गेली, तुमच्या दिलदारीनं मी लोकांचे परकर शिवते. रोज बोलले. अन् तुम्ही ऐकून घेतलं?"

"बोलन्यानं काय होतं," चाचा हळू आवाजात म्हणाले.

"तुम्हाला न्हाई होत." मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. "चहा घे. गार होईल. हे तुला माफ करतील, ह्यांनी कवाच केलं. तू पन रडलीस, मोकळी झालीस. माझं तर आज सुरू झालं, बाई."

मी कप उचलला. त्यांच्या रागाला उशीर माझ्यामुळं झाला होता.

चाचींनी ब्लाउजच्या खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेऊन एक बटण दाबलं आणि माझ्यापुढं धरला. "शबानाला मी न्हाई सांगनार. तू सांग."

पलीकडं घंटा वाजत होती. चाचा म्हणाले, "अगं, ऱ्हाऊ दे ना…" चाचींनी हात मागं घेतला नाही. मी फोन घेतला.

"हां अम्मी, बोल," पलीकडून आवाज आला. भरदार, कामाच्या घाईतला, अनोळखी.

"शबाना," मी म्हणाले, "मी मंगल बोलतेय."

"कोन मंगल?"

चाची समोर जमिनीवर बसल्या होत्या, परकर पुन्हा मांडीवर घेतलेला, सुई हातात थांबलेली. मी पहिल्यापासून सांगायला लागले.